गळ आणि पावती

भाद्रपद उतरणीला लागला होता, आणि भोकरदन तालुक्यातील एका तलावाच्या सांडव्यालगत, जेथे पिचिंगचे काळे दगड पाण्यात उतरत जातात तेथे, सत्तरी केव्हाच ओलांडलेला एक गृहस्थ वेळूच्या काठीला तंगूस बांधून, तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्यातील भेंडाचा तुकडा त्यात अडकवून, गळाला गांडूळ लावून असा काही निश्चल बसला होता की, चार हातांवर उभ्या असलेल्या बगळ्याने त्याला आपल्याच व्यवसायातला मानले असावे. तासाभरात त्याच्या अॅल्युमिनियमच्या डब्यात दोन चिलाप्या पडल्या. एवढ्यात धरणाच्या भिंतीवरून मोटारसायकल आली. मच्छीमार सोसायटीचा राखणदार खाली उतरला.

"आबा, काय करायलाव?"

"बसलोय."

"गळ टाकून बसलाव की. सोसायटीचं पाणी हाय, ठावं नाही का?"

"पाणी पावसाचं हाय."

या युक्तिवादाला राखणदाराजवळ उत्तर नव्हते, किंवा असले तरी ते देण्याची त्याला गरज वाटली नाही. त्याने डब्यात डोकावून पाहिले, दोहोंतली मोठी चिलापी उचलून पिशवीत टाकली, "अंधार पडायच्या आत उठा, सायेब यायलेत," एवढे बजावले आणि तो आल्या वाटेने निघून गेला. म्हाताऱ्याने नवे गांडूळ लावले. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, संकोचही दिसला नाही. बाजारात जकात भरून पुढे जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो होता. दोनांतील एक म्हणजे उत्पन्नाचा निम्मा हिस्सा, आणि त्याची पावती नाही.

हा प्रसंग एरवी मी विसरूनही गेलो असतो. परंतु त्याच महिन्यात माझे एक स्नेही, अंबडकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले आणि गोदाकाठी बालपण गेल्यामुळे गळाचा नाद जन्मभर न सुटलेले, टेक्सासमध्ये मुलाकडे मुक्काम करून परतले, आणि त्यांनी आणलेल्या बदामांच्या पुड्याबरोबर एक तक्रारही आणली होती. मुलाच्या घराजवळ तळे, तळ्यात मासे, हाताशी रिकामा वेळ आणि सुनेची आडकाठी नाही, अशी सर्व अनुकूलता असताना त्यांना प्रथम दुकानात जाऊन मासेमारीचा परवाना विकत घ्यावा लागला; आणि वृद्धांसाठी कमी दराचा परवाना आहे असे मुलाने सांगितल्यावर त्यांनी मोठ्या उमेदीने पासपोर्टावरील जन्मतारखेवर बोट ठेवले, तेव्हा ती सवलत राज्याच्या रहिवाशांपुरतीच असल्याचे त्यांना कळले. रहिवासी ठरण्यास तेथे सलग सहा महिन्यांहून अधिक वास्तव्य लागते, आणि पाहुणा म्हणून गेलेल्यास सामान्यतः सहा महिनेच राहू देतात. तेव्हा आपल्याकडच्या आजोबांना तेथे म्हातारपण सिद्ध करता आले तरी रहिवास सिद्ध करता येत नाही. गुरुजींना पैशांचे दुःख नव्हते. "चाळीस वर्षं गोदावरीत गळ टाकला, कुणी कागद मागितला नाही," हे त्यांचे खरे दुःख होते.

मला मात्र त्यांच्या तक्रारीत, तलावाकाठच्या त्या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या संदर्भात, काही निराळेच दिसू लागले. ज्याच्याकडे कागद मागितला जातो त्याला सवलत मागता येते. ज्याच्याकडे कोणी कागदच मागत नाही, त्याने कशातून सूट मागावी?

परदेशातील या सवलतींचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही आणि १ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांनाही लागत नाही. त्यानंतर जन्मलेल्या रहिवाशाने ६५ वर्षे पूर्ण केली असली तरी परवाना घ्यावाच लागतो, फक्त त्याचे शुल्क कमी असते. वय न सांगता जन्मतारीख सांगण्याच्या या युक्तीत एक मुत्सद्देगिरी आहे, कारण वयाची अट ठेवली असती तर दरवर्षी नवे वृद्ध त्या माफीत दाखल झाले असते, आणि तारीख ठेवल्यामुळे माफीदारांचा हा वर्ग वाढत तर नाहीच, उलट काळाच्या ओघात आपोआप ओसरत जातो. आज त्या माफीचा धनी होण्यास नव्वदी ओलांडलेली असावी लागते. फ्लोरिडाने याच्या उलट धोरण पत्करले असून ६५ वर्षांवरील रहिवाशांना परवान्यातून मोकळे केले आहे. इंग्लंडमध्ये गळाच्या काठीचा परवाना १३ वर्षांपासून पुढे सर्वांना लागतो, आणि ६६ वर्षे झालेल्यांना तो कमी दरात मिळतो.

वृद्धाकडून नाममात्र रक्कम घ्यावी की काहीच घेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता औदार्याचा वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी हिशेब आहे. अमेरिकेत १९५० मध्ये डिंगेल आणि जॉन्सन या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखला जाणारा एक कायदा झाला, ज्यान्वये गळ, काठ्या, फिरक्या इत्यादी साहित्यावर उत्पादकाकडून अबकारी कर घेतला जातो आणि त्या रकमेतून राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी अनुदान मिळते. या अनुदानाची वाटणी करताना ४० टक्के भार राज्याच्या भूमी व जलक्षेत्राला आणि ६० टक्के भार राज्यातील परवानाधारकांच्या संख्येला दिला जातो. मात्र मोजणीत धरला जाण्यासाठी परवाना सशुल्क असावा लागतो, त्यापासून थोडीफार निव्वळ रक्कम राज्याच्या तिजोरीत पडावी लागते. म्हणजे ज्या वृद्धाला राज्याने संपूर्ण माफी दिली तो त्या गणतीतून गळाला, आणि ज्याच्याकडून चार पैसे घेतले तो गणतीत राहिला, त्याच्या नावाने वरून अनुदान आले, आणि त्या अनुदानातून त्याच्याच तळ्यात मासे सोडले गेले. एकदा हे ध्यानात आले म्हणजे वृद्धांकडून पैसे घेणारे ते परके सरकार पूर्वीइतके कवडीचुंबक वाटेनासे होते.

आपल्याकडेही शुल्क आणि कर यांतील भेद न्यायालयांनी पुष्कळ चर्चिलेला आहे. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा विवेक केला की, कर हा सामान्य महसुलासाठी असतो व त्याच्या मोबदल्यात अमुक सेवा मिळेल असे वचन नसते. शुल्क मात्र दिलेल्या सेवेशी निगडित असते. या न्यायाने पाहिले तर मासेमारीच्या परवान्याचे शुल्क देणाऱ्याला कोणीतरी काहीतरी देणे लागतो. राखणदाराने उचललेली चिलापी या कसोटीवर करही ठरत नाही आणि शुल्कही ठरत नाही. तिला आमच्याकडे जो शब्द आहे तो येथे लिहिण्याची गरज नाही.

प्राचीन ग्रंथांत मासेमारीचा हक्क व वृद्धांची सवलत हे दोन विषय एकाच अधिकाऱ्याच्या दप्तरात सापडतात, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रानुसार बांधून काढलेल्या जलाशयातील मासे, नौकानयन आणि भाजीपाला यांवर स्वामित्व राजाचे. कोळ्यांनी नौकेचे भाडे म्हणून उत्पन्नाचा सहावा हिस्सा द्यावा असा दंडक आहे, आणि हे प्रकरण नावध्यक्षाच्या अखत्यारीतील आहे. त्याच प्रकरणात पुढे नदी ओलांडताना ज्यांच्याकडून तराचे पैसे घेऊ नयेत त्यांची यादी येते: ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी, राजाज्ञा घेऊन जाणारा आणि गर्भिणी. परंतु हे सर्व फुकट जातात ते नुसत्या दयेवर नव्हे, तर नावध्यक्षाने दिलेली मुद्रा दाखवून! पैसे माफ, कागद माफ नाही. कौटिल्याची ही दक्षता मी पूर्वी नोकरशाहीचे आदिरूप म्हणून हसण्यावारी नेत असे. सांडव्याजवळचा प्रसंग पाहिल्यानंतर मात्र हसू येत नाही, कारण मुद्रा नसलेल्या वृद्धाने निम्मा हिस्सा दिला, जो कौटिल्याच्या सहाव्या हिश्श्याच्या तिप्पट होतो.

गळाने मासे पकडणे हा केवळ गरिबाचा उदरनिर्वाह होता असेही नाही. ज्यांच्या राज्यात आपला हा भूभाग मोडत होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचा एक भाग असून, त्यात माशांच्या जाती, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून चुचकारावे, दोरी कशी असावी, काठी कशी धरावी, हे सर्व राजाच्या करमणुकीचा विषय म्हणून सांगितले आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, तेव्हा गळाची विद्या साहेबाने आणली या समजुतीला चांगलाच धक्का बसला. मराठी वाचकाला याच ग्रंथाचे नाव मराठीतील फार जुन्या पद्यपंक्तींमुळे परिचित असते. त्याच पोथीत गांडूळ व गळही आहेत हे सहसा सांगितले जात नाही.

आता त्या तलावाच्या जालना जिल्ह्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा जिल्हा पाण्याच्या बाबतीत कधीच सधन नव्हता. साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही लहरी. दक्षिण सीमेवर गोदावरी, उत्तरेकडे पूर्णा, मध्ये दुधना आणि शहरातून वाहणारी कुंडलिका. यांपैकी गोदावरी सोडली तर बाकीच्यांना वर्षातील किती महिने नदी म्हणावे याविषयी मतभेद होतील. नदीकाठी गळ टाकणाऱ्याला फारसे कोणी हटकीत नाही, पण मार्गशीर्षानंतर त्या गळाखाली पाणी असावे लागते! म्हणून जालन्याची मासेमारी ही प्रामुख्याने तलावांची मासेमारी आहे, आणि तलाव म्हटला की मालकी आली. निजामाच्या अमलात १९३० च्या दशकात बांधलेला घाणेवाडीचा जलाशय घ्या, ज्यातील पाणी केवळ उताराच्या बळावर जालना शहरात पोहोचत असे आणि ज्यातील गाळ २०१० नंतर नागरिकांनी वर्गण्या काढून उपसला. किंवा पुढील काळात झालेले जुई, धामणा, जीवरेखा, गल्हाटी, अप्पर दुधना हे प्रकल्प घ्या. पाणी पावसाचे असले तरी जे साठले ते कोणाच्या तरी दप्तरात नोंदले गेले.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे. तलावांच्या बाबतीत व्यवहारातील पद्धत ठेक्याची: तलावातील मासेमारीचा हक्क सामान्यतः पाच वर्षांच्या मुदतीने मच्छीमार सहकारी संस्थेला दिला जातो. मराठवाड्यात १९४८ पर्यंत दप्तराची भाषा उर्दू असल्याने जुनी माणसे अजून त्याला इजारा म्हणतात, आणि खरे सांगायचे तर त्या शब्दात जी स्पष्टता आहे ती ठेका या शब्दात नाही. इजारा घेतला की तेवढ्या मुदतीपुरते पाण्यातले जीवजंतू इजारदाराचे, हे म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळते.

हा हक्क कायद्याच्या दृष्टीने किती वजनदार आहे हे चिलिका सरोवरावरून उद्भवलेल्या आनंद बेहेरा प्रकरणात १९५५ साली दिसून आले. त्यातील अर्जदारांनी जमीनदाराकडून मासेमारीचा हक्क तोंडी व्यवहाराने घेतला होता, पैसेही दिले होते. जमीनदारी सरकारजमा झाल्यावर राज्याने तो मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, दुसऱ्याच्या पाण्यात मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीपासून उद्भवणारा लाभ, म्हणजे स्थावराच्या कोटीतील वस्तू आहे, आणि तो तोंडी शब्दावर उभा राहत नाही. "बसा की आबा, कोण विचारतंय" या परवानगीची किंमत यावरून वाचकांनी करावी.

सोसायटीची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या बाजारातील प्रतिष्ठित मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली, आणि तेव्हापासून मत्स्यजिरे, मत्स्यबीज व बोटुकली हे आमच्या भोई समाजाच्या बोलण्यातील नित्याचे शब्द झाले. दरवर्षी पावसाळ्यात संस्था बोटुकली विकत आणते, ट्रकमधून पिशव्या उतरवून तलावात सोडते, मध्येच पाऊस दगा देतो, तलाव आटतो, आणि गुंतवणूक चिखलात जाते. ज्यांनी २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला, ज्या वर्षी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यांना तलावाचा ठेकेदार त्या वर्षी काय खाऊन जगला असेल हा प्रश्न विचारण्याचे धैर्य होणार नाही. राखणदार ठेवतात तो रात्री जाळे टाकून क्विंटलवारी माल नेणाऱ्यांसाठी. त्या पहाऱ्यात दिवसाढवळ्या बसलेला म्हाताराच सापडतो, कारण तो पळू शकत नाही.

परंतु गळाला लागते काय? कटला हा पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा. गांडुळाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्या डब्यात पडल्या त्या चिलाप्या, आणि चिलापीची बोटुकली कोणी विकत आणून सोडलेली नसते. मूळची आफ्रिकेतील ही जात १९५२ मध्ये भारतात आली आणि तळ्यातळ्यांतून अशी पसरली की, सोसायटीवाले तिला शिव्या देतात. ती पिले तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यात वारंवार विते आणि मोलाच्या माशांचे अन्न खाते. म्हातारा जे धरून नेत होता ते संस्थेच्या खर्चाच्या कोणत्याच कलमात नव्हते. गाजरगवत उपटणाऱ्याकडून खंडणी घेण्यासारखा हा प्रकार झाला, असे मी त्या संस्थेच्या एका जुन्या सभासदाला म्हणालो. तो म्हणाला, "आज चिलापी, उद्या मरळ. मरळ लागली तर तो परत सोडणार हाय का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मरळ कोणीच परत सोडीत नाही. मीही सोडली नसती.

सवलत द्यायचीच झाली तर वयाची अडचण आहेच. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा ६० वर्षांना ज्येष्ठ मानतो. एसटीत ६५ नंतर अर्धे तिकीट व, २०२२ पासून, ७५ नंतर फुकट प्रवास. रेल्वेने पुरुषांना ६० व स्त्रियांना ५८ वर्षांपासून दिलेली सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. म्हणजे एकच मनुष्य एका खिडकीवर म्हातारा, दुसरीवर तरणा. त्यातून आमच्या पिढीची जन्मतारीख म्हणजे हेडमास्तरांची कृपा: शाळेत नाव घालताना जो तो १ जूनला जन्मला. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांचा जन्म पोलीस अॅक्शनच्या आगेमागे, आणि लग्न बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर एवढ्यावर वयाचा निवाडा. टेक्सासचा कारकून अशा माणसापुढे हतबल झाला असता. अलीकडे आधार कार्डाने सर्वांना एक तारीख चिकटवली आहे. ती खरी असो वा नसो, खिडकीवर चालते.

तरीही मला वाटते की, संस्थेच्या पावतीपुस्तकातच याची सोय होऊ शकते, आणि त्यासाठी मंत्रालयापर्यंत जाण्याचे कारण नसावे. पासष्टी ओलांडलेल्या गावकऱ्याला एक काठी, एक गळ. मासे घरच्या कालवणापुरते, विक्रीस मनाई. बोटुकली सोडल्यानंतर काही आठवडे आणि मासे वाढवण्याच्या पिंजऱ्यांच्या आसपास बसू नये. वर्षाला दहा रुपये. फुकट नको. फुकट दिलेली परवानगी राखणदार बदलला की संपते, आणि दहा रुपयांची पावती असली म्हणजे नव्या राखणदारालाही ती वाचावी लागते. शिवाय वर्षअखेरीस संस्थेला निदान हे तरी कळेल की, आपल्या पाण्याभोवती असे किती म्हातारे आहेत. ज्यांचे हात जाळे ओढून ओढून थकले आणि जे आता काठीवर आले आहेत असे तिचे स्वतःचे जुने सभासदही त्यांत निघतील.

हा सगळा बेत मी पितृपक्षात पुन्हा त्या सांडव्यावर जाऊन आबांना सविस्तर समजावून सांगितला. कौटिल्य वगळला, दहा रुपये व पावती एवढेच ठेवले. त्यांनी भेंडावरची नजर न काढता सर्व ऐकून घेतले.

"पावती कागदाची आसंल?"

"कागदाचीच."

"आन् भिजली तर?"

मी काही बोलायच्या आत भेंड एकदा थरथरले आणि पाण्याखाली गेले.